सही कुणाची?

नवजात अतिदक्षता विभागातलं एखादं बाळ वाचणार नाही हे स्पष्ट झालं, की आपल्याकडं अनेकदा एक कागद पुढं येतो. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर बाळ नेत आहोत, असा. बाप सही करतो किंवा अंगठा उठवतो, नळी निघते, गाडी गावाकडं वळते. दवाखान्याच्या दप्तरी तो मृत्यू नसतो, डिस्चार्ज असतो.

नेवासा तालुक्यातल्या सोनईत या विषयावरून आत्या आणि भाचा भांडले तर काय बोलतील, ते इथं मांडलं आहे. शकुंतलाबाई निवृत्त आरोग्यसेविका. साखर कारखान्याभोवतीच्या ऊसतोडणीच्या कोप्यांपासून शिंगणापूरच्या वाटेवरल्या वस्त्यांपर्यंत बाळंतपणं केलेल्या. त्यांचा भाचा डॉ. मिलिंद नगरला, म्हणजे कागदोपत्री आताच्या अहिल्यानगरला, एका खासगी रुग्णालयात नवजातांवर उपचार करतो. ही दोघं कल्पित आहेत, आणि ज्या बाळावरून वाद पेटला तेही. कायदे, निकाल, अभ्यास आणि आकडे मात्र खरे आहेत.

शकुंतलाबाई : कोपीवरच्या त्या पोरीचं बाळ अकरा दिवस पेटीत होतं. मुकादमाकडनं आणखी उचल मिळेना, तेव्हा बापानं सही केली आणि निघाले. घोडेगावच्या अलीकडंच लेकरू गेलं. मामाच्या हातात श्वास द्यायचा फुगा दिला होता. माझ्या दारात गाडी थांबली तरी तो दाबतच होता. बाळ गार पडलेलं. आता थांब, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मिलिंद : ते आमच्याकडचं नव्हतं, आत्या. पण आमच्याकडं असतं तर फार वेगळं झालं असतं, असंही म्हणवत नाही. ही रीत सगळीकडं आहे.

शकुंतलाबाई : मग ठेवायचं होतं अजून चार दिवस. काढलं कशाला?

मिलिंद : मी म्हणतो, अकरा दिवस ठेवलं कशाला? मामानं कागद मोबाइलवर पाठवले होते, ते मी वाचलेत. कळा रात्रभर चाललेल्या, बाळ अडकलेलं, जन्मल्यावर रडलं नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. इजा सगळ्यात वरच्या श्रेणीची. बाळ चोखत नाही, घशात नळी फिरवली तरी उमाळा येत नाही, डोळ्यांत बॅटरी मारली तरी बाहुल्या हलत नाहीत. झटके तीन-तीन औषधांना दाद देत नाहीत. मशीन छाती वरखाली करतं, एवढंच. पहिले तीन-चार दिवस प्रयत्न करायलाच हवे होते. पण पुढचा आठवडा कुणासाठी? रोज टाचेला सुई, रोज नाकातोंडातून ओढायची नळी.

शकुंतलाबाई : त्याला काय कळत होतं त्यातलं? तूच म्हणतोस मेंदू गेला.

मिलिंद : किती कळत होतं ते कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. म्हणून कळतंय असं धरूनच वागायचं. १९८० च्या दशकापर्यंत जगभरच्या डॉक्टरांची समजूत होती की नवजाताला वेदना फारशा कळत नाहीत. ऑपरेशनंसुद्धा नावापुरत्या भुलीवर व्हायची. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डला काम करून १९८७ मध्ये दाखवलं, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नीट भूल दिली तर ऑपरेशनचा ताण त्यांच्या शरीरावर कमी येतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. म्हणजे त्याआधीची बाळं सगळं सोसत होती आणि आम्ही त्यांना काही कळत नाही म्हणत होतो.

शकुंतलाबाई : हे बघ, तुझ्याच बोलण्यातून निघालं. तुम्ही ठाम सांगता आणि मग वीस वर्षांनी ते चूक ठरतं. ‘हे जगणार नाही’ हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. हाताच्या पंजावर मावेल असलं लेकरू, सासू म्हणायची ठेवा कोपऱ्यात. मी आईच्या छातीला उघड्या अंगानं बांधायचे, वरून लुगडं गुंडाळायचे, बोंडल्यानं थेंब थेंब दूध. त्यातली काही पोरं आज ट्रॅक्टर चालवतात.

मिलिंद : त्याला आता पुस्तकात नाव आहे, कांगारू पद्धत. १९७८ मध्ये बोगोटाला पेट्या पुरेनात म्हणून सुरू झाली. २०२१ मध्ये भारत आणि आफ्रिकेतल्या देशांत मिळून केलेला अभ्यास आला. पावणेदोन किलोच्या आसपासची आणि त्याखालची बाळं जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवली, प्रकृती स्थिर व्हायची वाट न पाहता, तर मृत्यू चौथाईनं घटतात. तू करत होतीस ते बरोबरच होतं.

शकुंतलाबाई : आणि गडचिरोली? अभय आणि राणी बंगांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यांनी घरोघरी जाऊन बाळं तपासली, वेळेला इंजेक्शनं दिली.

मिलिंद : हो. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं : नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. तुमच्या आशाताईंच्या घरभेटी त्यातूनच आल्या. पण ती बाळं कशानं मरत होती? जंतुसंसर्गानं, थंडीनं, कमी वजनानं. यावर उपाय होता आणि तो पोचत नव्हता. मी ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांच्यावर उपायच नाही. कवटीच न बनलेलं बाळ असतं. दोन्ही मूत्रपिंडं नसलेलं असतं. हे कोपीवरचं तसंच होतं. तुझ्या ट्रॅक्टरवाल्यांच्या रांगेत यांना उभं करू नकोस.

शकुंतलाबाई : कवटी नसलेल्याचं मी बोलतच नाही. ते पाहिल्याबरोबर कळतं. पण जे दिसायला धडधाकट असतं, गोरंगोमटं, पावणेतीन किलोचं, फक्त रडलं नाही, त्याचं कुठल्या मोजमापावर ठरवता?

मिलिंद : खरं सांगू? ते मोजमापही हलतं. प्राणवायू कमी पडलेल्या बाळाला साडेतेहतीस अंशांपर्यंत गार करून तीन दिवस ठेवायचं, यानं मेंदू वाचतो, असं युरोप-अमेरिकेत सिद्ध झालं. आम्हीही करू लागलो. मग ‘हेलिक्स’ नावाचा अभ्यास भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झाला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला : इथल्या बाळांना फायदा दिसला नाही, उलट मृत्यू वाढले.

शकुंतलाबाई : मग? लंडनच्या बाळाला लागू पडतं ते नेवाशाच्या बाळाला पडत नाही, हे कळायला तुम्हाला इतकी वर्षं लागली. आणि जगणार का मरणार हे मात्र अकरा दिवसांत कळतं?

मिलिंद : उपाय चालतो का, हा एक प्रश्न. इजा किती झालीय, हा दुसरा. दुसऱ्याला तपासण्या आहेत. मेंदूचा आलेख, काही दिवसांनी एमआरआय, रोजची तपासणी, आणि दुसऱ्या डॉक्टरचं स्वतंत्र मत. यातलं एक जरी राहिलं असेल तर ‘आशा नाही’ म्हणायचा हक्क कुणाला नाही, हे मान्य. पण सगळं झाल्यावरही, मन धजत नाही म्हणून मशीन चालू ठेवणं याला मी उपचार म्हणणार नाही.

शकुंतलाबाई : धजत नाही म्हणून नाही रे. पैसे संपेपर्यंत चालू असतं. पैसे संपले की आशा संपते. एक विचारू? ती मुलगी होती.

मिलिंद : माहितीये.

शकुंतलाबाई : २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८५२ मुली होत्या. हा आकडा मला पाठ आहे, आमच्या प्रत्येक मीटिंगला तो फळ्यावर असायचा. मुलगा असता तर कानातलं विकून पुण्याला नेला असता. म्हणून मी म्हणते, एकदा का ‘थांबवायला हरकत नाही’ असं तुमच्या तोंडून निघालं, की ते सगळ्यात आधी मुलीला लागू होणार. मग ऊसतोड्याच्या पोराला. बंगल्यातल्या पोराला सगळ्यात शेवटी.

मिलिंद : तुझी भीती खरी आहे. पण बघ, ती आजच्या रीतीला तंतोतंत लागू पडते. त्या सहीच्या कागदावर कुणी विचारतं का, मुलगी म्हणून नेताय का? कर्जामुळं नेताय का? सरकारी दवाखान्यात आजारी नवजाताचे उपचार आणि गाडी २०११ पासून मोफत आहे, हे सांगितलं का? काही नाही. सही केली, गेले. मला ही फट बुजवायची आहे. निर्णय डॉक्टरांनी उघडपणे घ्यावा, कारणांसकट लिहावा. म्हणजे कुणाला तरी जाब विचारता येईल.

शकुंतलाबाई : कायदा देतो का हे करायला?

मिलिंद : देतो, पण वाट लांबची आहे. अरुणा शानबाग तुला आठवते.

शकुंतलाबाई : न आठवायला काय झालं. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या नर्सवर हल्ला झाला आणि २०१५ पर्यंत ती तिथंच पडून होती. नर्सांच्या पिढ्या बदलल्या पण तिच्या पाठीला जखम होऊ दिली नाही. आम्हा नर्सांना ती आमचीच वाटायची.

मिलिंद : तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांनी तिचं अन्न थांबवू द्या म्हणून अर्ज केला होता. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं उपचार थांबवण्याचा मार्ग मात्र उघडा केला.

शकुंतलाबाई : तू अर्धंच सांगतोस. न्यायालयानं म्हटलं की तिच्या वतीनं बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, कारण सांभाळलं त्यांनी. पुस्तक लिहिणारीचा नाही. आणि ते कर्मचारी म्हणत होते, जगू द्या.

मिलिंद : बरोबर. पुढं मार्च २०१८ मध्ये ‘कॉमन कॉज’ खटल्यात घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत थोडी सोपी केली. उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ. त्यावर दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. जवळच्या नातलगांची संमती. आणि मशीन काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मोठ्या माणसाला आपलं वैद्यकीय इच्छापत्रही करून ठेवता येतं. मुंबईचे डॉ. निखिल दातार ती इच्छापत्रं जपायला सरकारी माणूस नेमा म्हणून उच्च न्यायालयात गेले आणि राज्यानं तसे अधिकारी नेमले.

शकुंतलाबाई : दातार म्हणजे निकेता मेहताच्या वेळचे?

मिलिंद : तेच. २००८ मध्ये तिच्या पोटातल्या बाळाच्या हृदयात दोष निघाला, चोवीस आठवडे होत आलेले. गर्भपाताची मर्यादा तेव्हा वीस आठवड्यांची. उच्च न्यायालयानं नकार दिला. थोड्याच दिवसांत तिचा गर्भ आपोआप पडला. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपात होऊ शकतो. पण बघ, बाळ पोटात असताना मंडळ आहे, मोठ्या माणसाला इच्छापत्र आहे, आणि मधल्या या पेटीतल्या बाळाला? त्याला इच्छापत्र असूच शकत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनं २०१७ मध्ये अखेरच्या काळातल्या शुश्रूषेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, चांगली आहेत. पण व्यवहारात? दोन मंडळं जमवण्यापेक्षा बापाची एक सही सोपी. जिथं कुणी काही विचारत नाही तीच वाट सगळ्यात जवळची आहे.

शकुंतलाबाई : तीच तुम्हालाही सोयीची.

मिलिंद : सोयीची आहे. त्यात भीतीही आहे. मशीन काढलं म्हटलं की ‘डॉक्टरनं मारलं’. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे, पण काच फुटल्यावर कायदा येतो. आणि खासगी रुग्णालयाला आपल्या आकड्यांत मृत्यू नको असतात, हेही आहे.

शकुंतलाबाई : नांदेडला २०२३ मध्ये काय झालं? २४ तासांत २४ माणसं गेली, त्यांतली १२ नवजात. सरकारी दवाखान्यानं काय सांगितलं, तर बरीच बाळं बाहेरून शेवटच्या घटकेला आणलेली. औषधं होती का नव्हती त्याचा वाद वेगळा. पण शेवटच्या घटकेला हलवलेलं बाळ म्हणजे कुणीतरी आपल्या वहीतला मृत्यू दुसऱ्याच्या वहीत ढकलला. घरी पाठवलं तर तो आमच्या ग्रामपंचायतीच्या वहीत येतो. आला तर. पुष्कळदा पुरून टाकतात आणि कुणी नोंदवत नाही. जन्माचीही नाही, मरणाचीही नाही.

मिलिंद : म्हणून म्हणतो, मरण दवाखान्यातच होऊ दे. आमच्या समोर, आमच्या नोंदीत.

शकुंतलाबाई : हे मला पटत नाही. दवाखान्यात मरण म्हणजे काचेपलीकडं मरण. तिथं आईला आत सोडता का? त्या पोरीनं आपलं लेकरू किती वेळा हातात घेतलं असेल? टाके पडलेली ती इकडं कोपीत, बाळ तिकडं नगरला. तिच्या छातीत दूध दाटून गाठी आल्या होत्या, अंगात ताप. मी गेले तर पदर ओला, आणि बायका सांगत होत्या, कोबीची पानं बांध. बाळाच्या हाताला पट्टी होती, त्यावर तिचं नाव आणि पुढं ‘बेबी’. पाचवी पुजली नाही, बारसं नाही. सटवाईनं काय लिहिलं असेल ते कुठल्या कपाळावर लिहिलं, विचारत होती बाळाची आजी. आणि बापानं सही करताना तिला फोनसुद्धा केला नाही.

मिलिंद : आईला विचारलं नाही, ही या गोष्टीतली मला सगळ्यात वाईट गोष्ट वाटते. मशीन काढण्याहून वाईट.

शकुंतलाबाई : मग तेच आधी दुरुस्त कर. अरुणाच्या वेळी न्यायालयानं सांभाळणाऱ्यांचं ऐकलं. इथं सांभाळणारी कोण? जिला आत सोडत नाही ती.

मिलिंद : मी सांगतो मला काय हवंय ते. निर्णय झाला की पडदे लावायचे. आईला खुर्ची द्यायची. नळ्या एकेक करून काढायच्या, बाळ तिच्या छातीवर. झटक्यांचं आणि दुखण्याचं औषध चालू ठेवायचं. तोंडाला लावायला तिच्याच दुधाचा थेंब. नाव ठेवायचं असेल तर ठेवू द्यायचं, पाचवीचं जे असेल ते करू द्यायचं. मग किती वेळ लागेल तितका लागू दे. तिचं दूध आटवायला गोळी असते. किंवा तिला द्यावंसं वाटलं तर दूधपेढीला. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. जन्मभर नवजातांना वाचवणाऱ्या त्या बाईंनी पुढं मुंबईत असाध्य आजाऱ्यांच्या शुश्रूषेचं केंद्रही काढलं, कॅन्सरनं गेलेल्या आपल्या मुलीच्या नावानं. वाचवणं आणि नीट जाऊ देणं, दोन्ही कामं एका डॉक्टरला करता येतात.

शकुंतलाबाई : आणि एखादं इंजेक्शन देऊन लवकर मोकळं करणं? परदेशात करतात म्हणे.

मिलिंद : नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी त्याची नियमावली २००५ मध्ये छापली. आपल्याकडं तो गुन्हा आहे, आणि मलाही ते नको. मला आजार थांबवता येत नसेल तर निदान मी त्यात भर घालू नये, एवढंच.

शकुंतलाबाई : पण चालू मशीन काढणं मला जमायचं नाही. लावू नका म्हण, समजेल. लावल्यावर काढायचं म्हणजे हातानं केल्यासारखं.

मिलिंद : इथंच तुझं चुकतं. लावलेलं काढता येणार नाही असं ठरलं, तर मी लावायलाच घाबरेन. संशय असलेल्या प्रत्येक बाळाला, ज्याला वाचायची संधी होती त्यालाही, मी नाकारेन. काढता येतं म्हणूनच मला तीन दिवस प्रयत्न करून पाहता येतो.

शकुंतलाबाई : हे वकिली बोलणं झालं.

मिलिंद : वकिली नाही, रोजचं आहे. रात्री दोन वाजता कुठलं बाळ कुठल्या बाजूला जाणार ते कुणाला कळतं?

शकुंतलाबाई : डोक्याला पटतंय. हाताला पटत नाही. ते राहू दे तसंच. पण ज्यांना घरीच न्यायचंय त्यांचं काय? सगळे काही तुझ्या पडद्याआड मरणार नाहीत. आजीला बघायचं असतं, गावात माती द्यायची असते. आशाच्या फॉर्मवर वजन, ताप, नाळ, दूध ओढतंय का, सगळं आहे. मरायला घरी आणलेल्या लेकराचं काय करायचं त्याला रकाना नाही.

मिलिंद : मॉर्फिन मी आशाच्या हातात देऊ शकत नाही. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा २०१४ मध्ये सैल केला, तरी तालुक्याला ते मिळणं कठीण. पण झटक्यांचं पातळ औषध देता येईल, किती थेंब ते मराठीत लिहून. श्वास कसा बदलतो, रंग कसा बदलतो, काय दिसलं तर घाबरायचं नाही. फुगा द्यायचा नाही. माझा नंबर. आणि मृत्यूची नोंद कुठं, किती दिवसांत.

शकुंतलाबाई : एकवीस. ते मला माहीत आहे. पण त्या कागदावर पहिल्या ओळीत हे लिही, की आईशी बोललो, तिला काय झालंय ते समजलंय. मग निदान काय, ते कुणाकुणाचं मत. पैशाचा विषय नव्हता, सरकारी सोय सांगितली, हे पण. खाली डॉक्टरची सही. बापाची त्याच्या खाली.

मिलिंद : रुग्णालयाचा वकील माझी सही करू देणार नाही.

शकुंतलाबाई : मग तुमची खात्री नाही. आणि खात्री नसेल तर बाळ अजून पेटीत राहायला हवं. सही द्यायला जमत नसेल तर मशीन काढायचं बोलू नकोस, आपलं भांडण तिथंच आहे.

मिलिंद : करीन सही. पण मग दुसऱ्या मंडळालाही विचारावं लागेल, आणि ते ४८ तासांत नगरला जमतं का, ते मला आधी करून बघावं लागेल.

शकुंतलाबाई : बघ. दिवाळीनंतर टोळ्या येतील. त्याच्या आत एकदा सोनईला ये, आशांना घेऊन बसू. फुगा कधी थांबवायचा ते त्यांना तू सांग. काढायचं का नाही, ते आपण नंतर भांडू.